मुंडमाळ

माझा भाचा सीवूड्सला आमच्याच इमारतीत, दोन मजले वर राहतो. त्याच्या टेबलावर एक यंत्र आहे, आणि गेल्या पावसाळ्यापासून त्या यंत्राशेजारी एक कवटी आहे. पांढऱ्या प्लास्टिकची, जाळीदार, जणू वेलींनी विणलेली. डोळ्यांच्या खोबणीतून पाहिले तर आत एक फूल दिसते. ते मागाहून घातलेले नाही; कवटीबरोबरच छापले गेले आहे, आणि कवटी फोडल्यावाचून बाहेर येणार नाही. प्रेम आणि वियोग यांचे हे प्रतीक आहे, असे तो म्हणतो. पंचविशीतल्या माणसाच्या तोंडी असे शब्द आले की पूर्वी मला हसू येई. या वेळी आले नाही.

ते यंत्र चालताना पाहत बसण्याचा मला नादच लागला आहे. मक्यासारख्या धान्याच्या पिठूळ सत्त्वापासून केलेल्या प्लास्टिकची तार दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या तोटीतून वितळून येते आणि एक थर पडतो. जाडी मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. जेथे काही अधांतरी येणार असेल तेथे यंत्र आधी बारीक टेकू उभारते, आणि काम संपले की ते टेकू पकडीने मोडून फेकून द्यायचे. शिल्पकार दगडातून नको ते काढून टाकतो असे आपण ऐकत आलो. येथे सारा प्रकार गवंड्याचा आहे. रात्री निजायला जाताना हनुवटी झालेली असते. सकाळी येऊन पाहावे तो गालाची हाडे!

कवटीचे हे वेड भाच्याचे एकट्याचे नव्हे. जोशुआ हार्कर नावाच्या अमेरिकन कलावंताने 2011 साली अशीच नक्षीदार कवटी छापून लोकांपुढे ठेवली होती. आपल्या सुबोध गुप्तांनी 2006 मध्ये स्टीलच्या भांड्यांची प्रचंड कवटी रचली. डेमियन हर्स्टने 2007 मध्ये प्लॅटिनमच्या कवटीवर 8601 हिरे जडवले. तिचे दात मात्र खरे आहेत; ज्या जुन्या कवटीवरून साचा घेतला, तिचेच. हिऱ्यांची किंमत सारे विचारतात. ते दात कोणाचे, हे विचारावेसे कोणाला वाटत नाही.

मला आठवले ते घारापुरीचे लेणे. गेटवेहून लाँचने तासाभराची वाट. सहाव्या शतकाच्या सुमाराचे ते तीन मुखांचे सदाशिवाचे शिल्प आपण सर्वांनी पाहिलेले असते; पण आपली नजर मधल्या शांत मुखावर खिळते आणि बाजूची दोन्ही मुखे निसटतात. आपल्या डाव्या हाताचे मुख अघोराचे आहे. मिशा आहेत, हातात नाग आहे, आणि केशसंभारात कवटी आहे. उजव्या हाताचे मुख स्त्रीचे वाटावे इतके कोमल आहे आणि त्याच्या हाती कमळ आहे. कवटी आणि कमळ एकाच दगडात कोरलेली आहेत. एक राखून दुसरे काढता येणार नाही. भाच्याला हे मी सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, म्हणजे माझी कल्पना जुनीच निघाली." तो थोडा हिरमुसला.

शंकराच्या गळ्यातील मुंडमाळेची एक कथा सांगतात. नारदाने सुचवल्यावरून पार्वती शंकराला विचारते, ही मुंडकी कोणाची? तो म्हणतो, तुझीच. तू जितक्या वेळा जन्मलीस आणि मेलीस, तितकी. लहानपणी ही गोष्ट मला भयंकर वाटे. साठी ओलांडल्यावर तीच गोष्ट प्रेमाची वाटू लागली. पण तिच्यात एक मेख आहे. माळ ओवणारा स्वतः मरत नाही. ज्याला मरण नाही त्याने मेलेल्यांची माळ घालावी; तिचे पुढे काय, हा प्रश्न त्याला पडत नाही. मला पडतो. हे प्लास्टिक कुजते म्हणतात, परंतु ते भट्टीसारख्या उबेत, खतकारखान्यात. कपाटात ठेवले तर ते माझ्यामागे पुष्कळ वर्षे राहील. माझ्या मागे ते कोणी उचलायचे? करावे गावापलीकडच्या खाडीत सोडायचे?

एवढ्यावर वाचकांच्या लक्षात आले असेल, की मी भाच्याच्या कवटीविषयी बोलत नाही.

माझी पत्नी जाऊन तीन वर्षे झाली. आजारपणात तिच्या डोक्याचे आणि मानेचे सी. टी. स्कॅन झाले होते. त्याची तबकडी कपाटात आहे. अशा तबकडीवरून हाडाचा हुबेहूब नमुना छापता येतो. शस्त्रक्रियेपूर्वी सर्जन तो हाती घेऊन तयारी करतात. हे कळल्यापासून मला स्वस्थता नाही. आपल्याकडे चितेवरची कवटी फुटल्याचा आवाज येईपर्यंत लोक थांबतात आणि मग घराकडे वळतात. अस्थी गोळा करायच्या त्या पाण्यात सोडण्यासाठी. जे मोडून, जाळून मोकळे करायचे, ते पुन्हा जुळवून फडताळात ठेवण्याचा मला अधिकार काय?

फोटो ठेवतोच की, असे कोणी म्हणेल. पण फोटोला ती केस विंचरून, पदर सारखा करून बसली होती. तो तिने दिलेला आहे. कवटी तिने कोणाला दाखवली नव्हती. स्वतःही पाहिली नव्हती. स्कॅनसाठी तिने मान स्थिर ठेवली ती बरी होण्यासाठी, माझ्या शोभेच्या वस्तूसाठी नव्हे. हा युक्तिवाद मला बिनतोड वाटत होता.

तरी एका रविवारी मी तबकडी घेऊन वर गेलो. पडद्यावर राखाडी कवटी हळूहळू फिरू लागली आणि मला काहीच वाटले नाही. ती कोणाचीही असती. मग ती समोर वळली, आणि खालचा एक वाकडा दात दिसला. ती मनापासून हसली की तो दिसायचा. सांगाड्यातला एवढाच भाग माणूस जिवंतपणी जगाला दाखवतो, आणि मी तो चाळीस वर्षे पाहत आलो होतो! मग तिने मला काही दाखवले नव्हते, हे मी कोणत्या तोंडाने म्हणत होतो?

शेजारच्या दाढेत धातू भरलेला होता. धातूपाशी किरण विस्कटतात, म्हणून त्या दाताची एक कड आणि पुढचा भाग फाटल्यासारखा, रेघारेघांचा आला होता. भाचा सहज म्हणाला, "मामा, एवढे दात दुसऱ्या कवटीचे बसवतो. तयार नमुने मिळतात. कळणारही नाही."

मी जरा मोठ्यानेच नको म्हणालो. तो चपापला.

ती फाइल अजून तशीच आहे, रेघांसकट. यंत्राला मी ती घालू दिलेली नाही. पुसूही दिलेली नाही. मुलगी दिवाळीला येते आहे. तिला ती दाखवायची की नाही, हे अद्याप ठरत नाही.