फाइन म्हणजे किती?

शेतात पिकेना म्हणून विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात गेली आणि देशभर पांगली. केरळपासून दिल्लीपर्यंत सराफ बाजाराच्या एखाद्या बोळात शिरलं, तर भट्टीशेजारी आपल्याकडची मराठी हमखास कानावर पडते. या गलाई बांधवांच्या तोंडी दिवसभर एक इंग्रजी विशेषण असतं : फाइन.

इंग्रजीत हे विशेषण वाक्यागणिक रंग बदलतं. हवा फाइन म्हणजे स्वच्छ, सूत फाइन म्हणजे बारीक, माणूस फाइन म्हणजे ठीकठाक. त्याचं मूळ ‘शेवट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. जे शेवटापर्यंत नेलं, ते फाइन. हा जुना अर्थ सराफ बाजारानं जपला आहे : फाइन म्हणजे शुद्ध सोनं. तिथं ‘यात फाइन किती?’ असं विचारलं, की उत्तर आकड्यातच द्यावं लागतं. बावीस कॅरटच्या शंभर ग्रॅम पाटल्यांत फाइन साधारण 91.6 ग्रॅम. हॉलमार्कवरचा 916 तो हाच.

आणि ते फाइन सुखासुखी हाती लागत नाही. जुना दागिना वितळवून त्यात चांदी किंवा तांबं इतकं मिसळायचं, की सोनं जेमतेम चौथा हिस्सा उरावं. मग नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये उकळायचं. बाकीचे धातू विरघळतात आणि तळाशी तपकिरी भुकटी राहते. पाहणाऱ्याला ती माती वाटेल. ती धुवायची, टाकणखार घालून मुशीत वितळवायची, तेव्हा कुठं सोनं पिवळं दिसतं. एवढं करूनही त्यावर 995 किंवा 999 लिहितात. हजारपैकी हजार कुणी लिहीत नाही. एका विशेषणाबाबतचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

पण अ‍ॅसिड धातूला भिडतं तेव्हा तांबूस धूर उठतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. फुप्फुसांना तो इजा करतो, आणि कधी कधी त्रास जाणवतो तो काही तासांनी, काम आटोपून माणूस आडवा झाल्यावर. खोली लहान, धुराडं नाही, हवा खेचणारा पंखा नाही, अशा जागी तो धूर सरळ छातीत जातो.

संध्याकाळी गावाकडून फोन येतो, ‘‘कसं हाय रं?’’ पोरगा सांगतो, ‘‘एकदम फाइन!’’ आई-बाप निर्धास्त होतात. दिवसभर गुंजभर सोन्याचं फाइन तपासणारा हा पोरगा स्वतःबद्दल तोच शब्द वापरतो, तेव्हा मात्र त्याला कुणी कस लावत नाही. हे मला खुपतं.

आपल्यापैकी अनेकांच्या घरातलं कुणी ना कुणी भट्टीवर आहे. आज त्याला फोन कराल, तेव्हा ‘फाइन’ ऐकून थांबू नका. खोलीला धुराडं आहे का, पंखा चालतो का, खोकला किती दिवसांचा आहे, हे विचारा. छाती तपासून घ्यायला सांगा. आणि तोंडाला बांधलेला रुमाल अ‍ॅसिडचा तो वायू अडवत नाही, हेही सांगा.