छाती शिवली, तोंड कोण शिवणार?

बस खाली. आधी खिशातली पुडी काढून ठेव. लपवू नकोस. पाचवीत चिंचा लपवायचास, तेव्हाही मला दिसायच्या.

"गुरुजी, विडी कधीच सोडली, ही नुसती तंबाखू." नुसती? निकोटीन विडीतून गेलं काय अन् गालफडातून गेलं काय, जातं रक्तातच. नाडी पळवतं, रक्तदाब चढवतं, शिरा आवळतं. हे तुला ठाऊक नाही? दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मान तर नंदीबैलासारखी हलवत होतास.

आपली बारव गाळानं भरली होती. गावानं श्रमदान करून ती मोकळी केली. गोल फिरत खाली उतरणाऱ्या तिच्या पायऱ्या बघायला आता लांबलांबून लोक वालूरला येतात. तिथं एका पोरानं पाण्याची बाटली टाकली, तर तू त्याच्या अंगावर धावून गेलास. चांगलं केलंस. पण तुझ्या धमन्यांत तू रोज काय टाकतोस, त्याचा जाब कुणी विचारायचा?

आणि "बायपास झाली, आता हृदय नवं झालं" हे तुला कोणी सांगितलं? पारावरच्या विद्वानांनीच ना? नीट ऐक. तुझे अडथळे कुणी काढलेले नाहीत. ते जिथं होते तिथंच आहेत. पोटरीची शीर काढून रक्ताला वळसा घालून दिला, एवढंच झालं. १९६७ साली रेने फावालोरो या शल्यविशारदांनी अमेरिकेत क्लीव्हलंडला ही पद्धत बसवली. पायाच्या शिरेचे जोड दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास बुजतात, हे डॉक्टरांचं जुनं निरीक्षण आहे. ज्या रोगानं पहिल्या नळ्या खाल्ल्या, तोच या शिराही खातो. दुसऱ्यांदा छाती उघडायची हौस आहे का?

गोळ्यांचं तर विचारूच नये. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट चांगला आला म्हणून रात्रीची गोळी बंद! अरे शहाण्या, रिपोर्ट चांगला आला तो त्या गोळीमुळंच. रक्त पातळ ठेवायची गोळी "उष्ण पडते" म्हणून कॅलेंडरमागं खोचून ठेवलीस. पाकीट तसंच्या तसं आहे. तुझी बायको रोज ते उलटून बघते आणि काही न बोलता परत ठेवते. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ तुला कळत नसेल, तर माझी सगळी शिकवणी पाण्यात गेली.

साखर सोडली म्हणतोस आणि चहात गुळाचा खडा टाकतोस. मधुमेहाला गूळ काय सोयरा लागतो? "घरचं तूप आहे, घरचं काही बाधत नाही." नळी काय घरचं-दारचं विचारून तुंबते? दिवसभराचं सगळं मीठ मिळून ५ ग्रॅमच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सपाट एक छोटा चमचा. तेवढं तर तू खारे शेंगदाणे, पापड आणि लोणच्यातच संपवतोस. वर सुनेवर डाफरतोस की भाजी अळणी झाली म्हणून. फवारणीच्या पंपात औषध किती मिली घालायचं हे तुला झोपेत विचारलं तरी सांगशील. मग ताटातलं मोजताना गणित कुठं जातं?

उपाशी राहा असं कुणी म्हणालेलं नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठानं २०१८ साली लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ज्वारी दिली. आपला मुलूखच ज्वारीचा. भाकरी, वरण, पालेभाजी, काकडी, वाटीभर ताक, यात कमी काय आहे? पण तुला सकाळी खारी लागते आणि संध्याकाळी फाट्यावरची भजी. कितव्यांदा तळलेल्या तेलातली, ते त्या कढईलाच ठाऊक.

"चालणं तर शेतात होतंच." होतं? घरापासून बांधापर्यंत मोटारसायकल, बांधावर लिंबाखाली बाज. याला चालणं म्हणतात? मुलानं आणलेले बूट अजून खोक्यात आहेत. त्यांची पूजा घालणार आहेस का?

ऑपरेशन सरकारच्या फुले आरोग्य योजनेत झालं, पदरचा पैसा गेला नाही, म्हणून तुला त्याचं मोल नाही. खत-बियाण्यासारखे लाखभर रुपये मोजले असतेस, तर प्रत्येक गोळी वेळेवर गिळली असतीस.

मठ्ठ पोराला मी कधी इतकं बोललो नाही. तू मठ्ठ नाहीस, म्हणूनच बोलतोय. तपासणीची तारीख उलटून गेली आहे. सोमवारी पहिल्या गाडीनं नीघ. फाईल घे, बायकोला सोबत घे. आणि गोळ्या मनानं बंद केल्या होत्या, हे डॉक्टरांना स्वतःच्या तोंडानं सांग.