वंशशुद्धी आणि पितृऋण

वंशावळ लिहावयाची झाली की आपण वृक्षाचे चित्र काढतो. मूळ पुरुष बुंध्याशी, पुत्र शाखांवर, पौत्र उपशाखांवर. एकदा फुटलेली शाखा दुसऱ्या शाखेस पुन्हा मिळत नाही, हे या चित्रात गृहीत असते आणि कुलाभिमान पुष्कळदा याच गृहीतावर उभा असतो. वास्तविक प्रत्येक पिढीत सून परक्या कुळातून येते. परंतु तिच्या माहेरास त्या कागदावर जागा नसते. डार्विननेही १८५९ साली जीवसृष्टीच्या इतिहासास वृक्षाचीच उपमा दिली. ती खोटी नाही, पण अपुरी आहे, हे आता स्पष्ट झाले आहे. मग तिच्या आधारे पोसलेल्या अभिमानाचे काय करावे?

आपल्या ताटातील गव्हाचेच उदाहरण घ्या. बेळगावच्या बाजूस पिकणाऱ्या खपली गव्हाच्या पेशीत २८ गुणसूत्रे असतात. ही जातच मुळात दोन रानगवतांच्या संकरातून निघालेली आहे. पुढे काही हजार वर्षांपूर्वी, कॅस्पियन समुद्राच्या परिसरात, याच जातीच्या गव्हाचा १४ गुणसूत्रांच्या आणखी एका रानगवताशी संकर झाला आणि ४२ गुणसूत्रांचा पोळीचा गहू जन्मास आला. नैवेद्याच्या पुरणपोळीतील कणीक अशी तीन कुळांची आहे. तिला कोणी अशुद्ध म्हटल्याचे ऐकिवात नाही.

इतका प्राचीन संकर ओळखावा कसा? पोथ्यांच्या संशोधकास ही अडचण परिचित आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध होत असता, दोन पोथ्यांतील समान पाठ एकाच मूळ प्रतीतून आला, की लेखकाने दुसरी पोथी समोर ठेवून तो उचलला, याचा निर्णय वारंवार करावा लागला. जनुकांचे अभ्यासक तेच करतात. एक आफ्रिकी आणि एक आफ्रिकेबाहेरचा मनुष्य घेऊन दोघांची जनुके निअँडरथल या लुप्त मानवाशी ताडतात. मूळ पाठ कोणता हे ठरविण्यास चिंपांझीची साक्ष काढतात. शाखा केवळ फुटतच गेल्या असत्या, तर योगायोगाने टिकलेली साम्ये दोघांकडे सारखीच भरली असती. २०१० साली ती तशी भरली नाहीत. आफ्रिकेबाहेरच्या मनुष्याकडे पारडे झुकले. परक्या वंशाकडून आलेले जनुकांचे तुकडे दर पिढीस तुटून आखूड होत जातात. त्यांच्या लांबीवरून मिश्रणाचा काळ काढता येतो. तो सुमारे ४५ ते ५० हजार वर्षांपूर्वीचा निघतो. आफ्रिकेबाहेरील मनुष्यांत निअँडरथलांचा वाटा आज सुमारे २ टक्के आहे. या संशोधनाचे अध्वर्यू स्वांते पेबो यांस २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या देशाची कथा याहून अलीकडची आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की, भारतातील बहुतेक जनसमूहांत दोन प्राचीन प्रवाह मिसळलेले आहेत. हे मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाले आणि त्यानंतर आपापल्या समूहातच विवाह करण्याचा निर्बंध दृढ झाला. म्हणजे कुंपण खरेच आहे. मात्र ते मिश्रण होऊन गेल्यावर घातलेले आहे.

येथे विवेक सुटता कामा नये. जे घडले ते घडावयासच हवे होते, असे शास्त्र सांगत नाही. सर्व भेद मिथ्या आहेत, असाही निष्कर्ष यातून निघत नाही. तीन कुळांचा असूनही गहू हा गहूच राहतो. शास्त्र एवढेच करते की, रक्ताच्या शुद्धतेवरून कोणास उच्च मानावयाचे आणि कोणास दूर ठेवावयाचे, या व्यवहाराचा आधार काढून घेते. ज्यांना आपल्या वाडवडिलांनी देवळाच्या पायरीवर अडविले, त्यांचे आणि आपले पूर्वज कोठेतरी एकच होते.

यावर कोणी विचारील, शुद्धी गेली तर कुळाविषयी कर्तव्य तरी कोणते उरले? पण पितृऋण शुद्धतेवर कधी अवलंबून होते? पूर्वजांनी आपणांस जन्म दिला, अन्न दिले, भाषा आणि देव दिले, म्हणून आपण त्यांचे ऋणी आहो. तर्पणाचा विधी तर वंशावळीहून उदार आहे. त्यात पित्याबरोबर मातामहास पाणी मिळते, ज्यांचे कोणी नाही त्यांसही मिळते, आणि ब्रह्मदेवापासून तृणापर्यंत सर्वांचे स्मरण होते. कागदावर ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांना त्या ओंजळीत जागा आहे. ओंजळीत जे नाते आपण मान्य करतो, ते देवळाच्या पायरीवर कोणत्या तोंडाने नाकारावे?