अर्धा कोयता

दिवाळी सरली की बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची रांग लागते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, सगळ्या साखर कारखान्यांत गाळप सुरू होते आणि मोकळ्या रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. बीडकडून आलेल्या तोडकऱ्यांची मोजदाद माणसांवर होत नाही, कोयत्यांवर होते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता.

आगाऊ पैशांची उचल जोडीची असते, पण मुकादमाकडून ती घेतो नवरा. बायको पहाटे भाकरी थापून फडात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते. हिशेबाच्या वहीत नाव मात्र त्याचे. पाळी असो वा आजारपण, खाडा पडला की पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी ऊसतोड महिलांची गर्भाशये काढली गेल्याचा प्रश्न 2019 मध्ये ऐरणीवर आला, तेव्हा सरकारला आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

जोडीत असूनही जिथे बाईची ही गत, तिथे जोडीबाहेरच्यांनी कुठे जायचे? विधवा, टाकलेली बाई, पुरुषावर प्रेम करणारा पुरुष, तृतीयपंथी. या साऱ्यांना वही अर्धेच धरते, किंवा धरतच नाही. फडाबाहेर, पगारी नोकरीतही ‘लग्न कधी?’ या प्रश्नाला उत्तर नसलेला माणूस डबा खाताना गप्प बसतो. बाईला जोडीत विरघळवणारी आणि यांना जोडीबाहेर ठेवणारी नजर एकच आहे. म्हणून हे दोन लढे वेगळे नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली, 2018 मध्ये समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. ‘आपल्याकडे लोक स्वीकारणार नाहीत’ असे म्हणणाऱ्यांनी नीरा नदीपलीकडे पाहावे. 2017 मध्ये माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने तृतीयपंथी व्यक्तीला सरपंच केले. आपल्याच पुणे जिल्ह्यात पिंपरी-चिंचवड महापालिकेने 2022 मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतले. लोक तयार असतात. अडते ती वही.

तेव्हा सुरुवात वहीपासूनच व्हावी. प्रत्येकाचे नाव स्वतंत्र, मजुरी ज्याच्या-त्याच्या हातात, एकट्यालाही कोपी, आडोसा आणि तक्रार ऐकणारे कोणीतरी. ऊस किती तोडला, एवढेच काट्यावर मोजावे. तोडणारा माणूस पूर्णच असतो.