बाज धरणारे चौघे

शास्त्रपाठ : मार्क २:१-१२

कफर्णहूमातील त्या घराला दार होते आणि प्रभू आत होता. तरी पक्षघाती मनुष्य बाहेरच राहिला. वाट कोणी अडवली होती? वचन ऐकण्यास जमलेल्या भाविकांनीच! चौघांनी छप्पर उघडून बाज खाली सोडली, तेव्हा कोठे तो प्रभूपुढे आला.

प्रिय बंधुभगिनींनो, काकतीसारख्या गावातील मनोरुग्णांचा विचार करताना आम्हांला ही गोष्ट आठवते. काकतीहून बेळगावचे जिल्हा रुग्णालय दूर नाही. धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. आपल्याच कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात १९८० नंतरच्या दशकात प्राथमिक आरोग्य केंद्रांतून मनोरुग्णांवर उपचार करून पाहिले गेले. त्याच धर्तीवर १९९६ साली देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. २०१७ च्या कायद्याने सरकारी मानसोपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आणि रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली. म्हणजे घराला दार आहे.

पण स्किझोफ्रेनियासारख्या आजारात आपण आजारी आहोत हेच पुष्कळदा रुग्णास उमगत नाही. तो एकटा बस धरून कसा जाईल? आई म्हातारी, भाऊ बरोबर गेला तर रोजगार बुडतो. दवाखान्यात कानडी बोलणे, घरी मराठीच. गोळ्या संपतात, दुखणे उलटते. शेजारी म्हणतात, करणी आहे. कोणी विश्वासणारा म्हणतो, प्रार्थना पुरे, गोळ्या कशाला? हीच ती दारातली गर्दी.

प्रार्थना अवश्य करावी. परंतु लूक वैद्य हा पौलाचा प्रिय सोबती होता. औषध घेणे म्हणजे अविश्वास नव्हे.

बाजेला चार कोपरे असतात. एकाने रुग्णाबरोबर दवाखान्यात जावे. कानडी येणाऱ्या दुसऱ्याने डॉक्टरांशी बोलावे. तिसऱ्याने गोळ्या संपण्याची तारीख लक्षात ठेवावी. चौथ्याने थकलेल्या आईजवळ बसावे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. संडे स्कूलच्या शिक्षकांनी तो फळ्यावर लिहावा, आणि कोणास 'वेडा' म्हणून चिडवू नये हेही मुलांस शिकवावे.

प्रभूने त्या चौघांचा विश्वास पाहिला, असे शास्त्र सांगते. त्यांची नावे मात्र सांगत नाही. आपल्या मंडळीत असे निनावी चौघे निघतील काय? प्रभू आपणां सर्वांस तशी बुद्धी देवो. आमेन.