दैव पाचवं आहे, पहिलं नाही



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६.

कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात असं भगवंत इथे सांगतात. अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. कर्म योग्य असो वा अयोग्य, कारणं हीच पाच. आणि एवढं असूनही जो स्वतःला एकट्यालाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही.

हे श्लोक आपण बहुधा अहंकार कमी करायला वाचतो. काम छान झालं तर "मी केलं" म्हणू नये, वगैरे. पण काम बिघडलं की काय करतो? "मी"च्या जागी फक्त "त्याने" घालतो. बाकीची चार कारणं तेव्हाही गायबच असतात.

एक साधं उदाहरण घेऊ. माझ्या एका मित्राकडे १८ वर्षं जुनी फोर-बाय-फोर डिझेल जीप आहे. पावसाळ्यात ताम्हिणीला जायचं म्हणून त्याने ती सर्व्हिसिंगला दिली. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, सगळं नवीन. संध्याकाळी गाडी मस्त घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सेल्फ मारून मारून बॅटरी दमली. इंजिन कसंबसं सुरू झालं, पांढरा धूर ओकलं आणि बंद पडलं. फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप दहा-वीस वेळा दाबला की सुरू व्हायचं आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. पुन्हा दुसऱ्या सकाळी तेच.

मित्राचं म्हणणं, "यांच्याकडे देण्याआधी गाडी ठणठणीत होती. यांनीच बिघडवली." गॅरेजवाल्या मामांचं म्हणणं, "दादा, जुनी गाडी आहे. व्हायचंच असं." आवाज चढले. शेवटी मामा फिल्टर बदलणाऱ्या पोराकडे बोट दाखवून म्हणाले, "याच्या पगारातून कापतो, मग तर झालं?" मी तिथेच उभा होतो. ते पोरगं काहीच बोललं नाही.

आता हे तिघं श्लोकात कुठे बसतात बघा. मित्राला फक्त कर्ता दिसत होता. मामांना फक्त दैव. आणि खापर फुटणार होतं ते सगळ्यात कमी पगार असलेल्या डोक्यावर.

आमच्या कामात गिट ब्लेम नावाची एक कमांड आहे. कोडची एखादी ओळ शेवटची कोणी बदलली ते ती सांगते. नाव ब्लेम असलं तरी दोष कोणाचा, हे तिला माहीत नसतं. शेवटचा हात कोणाचा लागला एवढंच कळतं. तिथून शोध सुरू करायचा असतो, निकाल द्यायचा नसतो.

जीपचा शोध असा लागला. या गाडीत टाकीतलं डिझेल फिल्टरमधून ओढून घ्यायचं काम इंजिनवरचा पंपच करतो. ओढणाऱ्या बाजूच्या नळीला बारीक चीर असेल तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून खाली एकही डाग नव्हता. रात्रभर गाडी उभी राहिली की त्या चिरेतून हवा शिरायची, डिझेल टाकीकडे उतरायचं आणि सकाळी पंपाला डिझेलऐवजी हवा मिळायची. मेकॅनिक मंडळी याला "गाडीने एअर घेतली" म्हणतात. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळी लावली तेव्हा बुडबुडे सरळ दिसले. चीर होती टाकीकडून फिल्टरला येणाऱ्या रबरी नळीच्या टोकाला, क्लिपच्या खाली.

मग कारण कोण? कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं म्हणून सोडून देता येईल का? नाही. नळी ओढून काढल्यामुळेच चीर उघडली, हे खरं. पण ते रबर इतक्या वर्षांत लाकडासारखं कडक झालं होतं, हेही खरं. ती जुनी नळी म्हणजे अधिष्ठान. काढणारा पोरगा आणि त्याला काम सांगणारे मामा, हे कर्ते. झिजलेली क्लिप हे करण. "संध्याकाळपर्यंत पाहिजेच" ही मित्राची घाई आणि एक रात्र उभी न करता गाडी देऊन टाकणं, या चेष्टा. गीतेतली पाच कारणं मुळात देह, वाणी आणि मनाच्या कर्मांबद्दल आहेत. मी ती गॅरेजमध्ये नेतोय. पण नजर तीच लागते.

दैवाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शंकराचार्य इथे दैव म्हणजे इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या देवता, आदित्य वगैरे, असा अर्थ घेतात. रामानुजाचार्य अंतर्यामी परमात्मा असा घेतात. "नशीब, दुसरं काय" असं म्हणून काखा वर करायची सोय दोघांनीही ठेवलेली नाही. शिवाय दैव यादीत पाचवं आहे. आधीची चार तपासल्याशिवाय त्याचं नाव घेणं म्हणजे भक्ती नव्हे, आळस आहे.

पण एक शंका उरतेच. कारणं पाच वाटली म्हणजे कोणीच जबाबदार नाही का? मला वाटतं, उलट आहे. एकालाच धरलं की बाकीचे सुटतात. पाचही मोजली की प्रत्येकाच्या वाट्याला त्याचा त्याचा हिस्सा येतो. रबर जुनं झालं हा मामांचा दोष नाही, पण ते हाताला कडक लागल्यावर "दादा, ही नळीपण बदलू" एवढं सांगणं त्यांचं काम होतं. जुनी गाडी पाळायची तर जुन्या नळ्यांचा खर्चही पाळायचा, हा मित्राचा हिस्सा. झालंही तसंच. फूटभर नळी आणि दोन क्लिपांचे पैसे मित्राने दिले, मजुरी मामांनी घेतली नाही. पोराचा पगार कापला गेला नाही.

या आठवड्यात कोणावर तरी बोट दाखवायची वेळ येईल. ऑफिसात, घरी, कदाचित स्वतःवरसुद्धा. त्या आधी एवढंच करून बघा: बोटं पाच आहेत, पाचही मोजा. त्यातलं कोणतं कारण तुम्ही नेहमी विसरता?

राम कृष्ण हरी.