पुजारीण की सरवा वेचणारी?

दरवर्षी 1 ऑगस्टच्या सुमारास इंग्लंडमध्ये स्वतःला पेगन म्हणवणाऱ्या अनेक बायका नव्या गव्हाचा पाव भाजतात, गव्हाच्या काडाची बाहुली विणतात आणि लॅमस किंवा लुनासा नावाचा सुगीचा सण करतात. औषधी वनस्पतींचे वाफे, टॅरोचे पत्ते, चंद्राच्या कलांप्रमाणे लिहिलेली रोजनिशी या त्यांच्यातल्या बऱ्याच जणींच्या आवडी. अशीच एक जण आपल्यासमोर बसली आहे असं धरू. तिचा दावा साधा आहे: "ख्रिस्ती धर्म येण्याआधी इथल्या बायका धान्यदेवीच्या पुजारिणी होत्या. चर्चने त्यांचा सण बळकावला. मी तो परत घेते आहे." पेच इथेच पडतो. हा इतिहास टिकला नाही, तर तिचा सण टिकेल का? माझं उत्तर असं, की टिकेल, पण त्यासाठी तिला पूर्वज बदलावे लागतील.

आधी पुरावा पाहू. वर्षभर ठरावीक अंतराने येणाऱ्या आठ सणांचं पेगन चक्र आकाराला आलं ते 1950च्या दशकात. त्यामागे विक्का पंथाचे जेराल्ड गार्डनर, त्यांचं वर्तुळ आणि आधुनिक ड्रुइड मंडळींतले रॉस निकल्स होते. सप्टेंबरातल्या सुगीच्या सणाला 'मेबन' हे नाव एडन केली या अमेरिकन लेखकाने 1970च्या दशकात दिलं. धान्यात एक शक्ती वसते आणि ती शेतातल्या शेवटच्या पेंढीत अडकते, ही मांडणी विल्हेल्म मानहार्ट या जर्मन अभ्यासकाची. जेम्स फ्रेझर यांनी 1890मध्ये 'द गोल्डन बाऊ'मधून ती सर्वतोमुखी केली आणि काडाच्या बाहुलीला आज जो अर्थ चिकटला आहे तो बराचसा तिथून आला. रोनाल्ड हटन यांनी 1996च्या 'द स्टेशन्स ऑफ द सन'मध्ये ब्रिटनच्या सणांची जुनी कागदपत्रं चाळली. लपूनछपून अखंड चालत आलेला पेगन धर्म त्यांना त्यात दिसला नाही. इतकंच काय, चर्चमध्ये भाज्या-फळं मांडून होणारी सुगीची प्रार्थनाही मॉरवेनस्टोचे पाद्री रॉबर्ट हॉकर यांनी 1843मध्ये रुजवली असं सांगितलं जातं. ज्या सणाची चोरी झाली म्हणायची, तोच एवढा अलीकडचा निघतो.

ती गप्प बसणार नाही. "आयर्लंडचं काय? मॉइरा मॅकनील यांनी 1962मध्ये लुनासावर जाडजूड ग्रंथ लिहिला. जुलैच्या शेवटच्या रविवारी लोक अजून क्रो पॅट्रिकचा डोंगर चढतात. हे सगळं गार्डनरने रचलं का?" नाही रचलं. आयर्लंडमध्ये हा सण खरोखर जुना आहे आणि मध्ययुगीन ग्रंथांत त्याचा उल्लेख आहे. पण मॅकनील यांनी गोळा केलेल्या लोकस्मृतीत ठळक दिसतात ते डोंगरावरचे मेळे, रानफळं वेचणारी तरुण मुलंमुली आणि जत्रा. पुजारीण शोधायला गेलेल्या बाईच्या हाती तिथेही पुजारीण लागत नाही. इंग्लंडच्या दप्तरात 1 ऑगस्टचा उल्लेख बराचसा सापडतो तो हक्कांच्या संदर्भात. त्या दिवशी ठरावीक कुरणांची कुंपणं निघत आणि गावकऱ्यांची गुरं आत शिरत. सुगी म्हणजे देण्याघेण्याचा हंगाम होता, आणि त्यात बायकांचा स्वतःचा म्हणावा असा एक हक्क होता: सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात राहिलेल्या ओंब्या, वेचण्याचा.

कापणी उरकली तरी शेतात एक पेंढी उभी ठेवत. ती असेपर्यंत कुणी आत जायचं नाही. मालकाने ती उचलली की वाट मोकळी. काही गावांत त्यासाठी चर्चची घंटा वाजे, सकाळी सुरुवातीची आणि संध्याकाळी थांबण्याची, म्हणजे धडधाकट बाईने म्हातारीच्या आधी पोचून शेत साफ करू नये. कुठे कुठे बायका आपल्यातल्याच एकीला मुखत्यार करत आणि शिस्त तिच्या शब्दाने चाले. पदरात, पोत्यात जमलेल्या ओंब्यांवर गरीब घराची पिठाची भ्रांत काही काळ मिटे. सफकमधल्या टिमवर्थ गावी मेरी हॉटन ही बाई 1787मध्ये असाच सरवा वेचत होती. शेतमालक स्टील याने तिच्यावर दावा लावला. 1788मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की सरवा वेचण्याचा असा हक्क कायद्याला ठाऊक नाही. चार न्यायाधीशांपैकी एकट्या गूल्ड यांनी विरोधी मत नोंदवलं. वेचणं त्यानंतरही कित्येक दशकं चाललं, मात्र हक्काची जागा मालकाच्या मर्जीने घेतली. सुगीशी बायकांचं नातं शोधायचं असेल तर ते इथे आहे.

आता तिचा खरा आक्षेप येतो. "तुम्ही माझी देवी काढून घेतलीत आणि हातात निकालपत्र ठेवलंत. निकालपत्रापुढे दिवा लावता येत नाही." यावर म्हणता येईल, की दिवा कशापुढे लावायचा हा तिचा प्रश्न, इतिहास कोणता सांगायचा हा सगळ्यांचा. पण ती पुढे विचारते: "पोट तेवढं खरं आणि पूजा म्हणजे वरचा मुलामा, हे तुम्ही कधी सिद्ध केलंत? ती घंटा चर्चचीच होती ना?" हे लागतं. वेचणाऱ्या बाईच्या मनात हक्क आणि देव असे दोन कप्पे नसणार. गरिबांसाठी शेताच्या कडा सोडाव्यात ही बायबलमधली आज्ञा त्या खटल्यातही पुढे केली गेली होती. न्यायाधीशांच्या बहुमताने ती कायदा म्हणून मानली नाही, म्हणजे पूजा आणि पोट यांची फारकत तिथे न्यायालयाने केली. तीच फारकत माझ्याही युक्तिवादात आहे, आणि तिच्यावाचून तो उभा राहत नाही. एवढं मान्य करूनही एक फरक उरतो: वेचणारीचा देव तिच्या शेजारणीलाही वाटा देत होता. टॅरो आणि वाफे ही आवड झाली. तिच्यामुळे कुणी कुणाचं काही देणं लागत नाही. "म्हणजे सण खरा ठरायला उपासमार हवी?" असं ती विचारेल. उपासमार नको, देणं हवं.

"मग जगभर पहिलं कणीस देवालाच का देतात? मुळात एकच देवी असल्याशिवाय?" हा तिचा शेवटचा डाव. गोव्यात सासष्टीतल्या राय गावी 5 ऑगस्टला चर्चमध्ये भाताच्या नव्या कणसांना आशीर्वाद देतात, आणि लॅमसशी त्याचं साम्य डोळ्यांत भरतं. पण सफकचा गहू आणि सासष्टीचं भात यांना जोडायला देवी लागत नाही. धान्य पिकण्याआधीचे रिकामे कणगे दोन्हीकडे सारखेच. गोव्यातल्याच ताळगावच्या कणसांच्या फेस्तात कोमुनिदादच्या, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या, गावकारांचा मान असतो. कणीस देवाचं झालं तरी मान कुणाचा हे जमिनीच्या नात्यावरून ठरतं, आणि जत्रेत मानावरून होणारी भांडणं ज्याने पाहिली आहेत त्या मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा तिने पाव भाजावा, बाहुली विणावी, देवीपुढे दिवाही लावावा. सण 1950च्या दशकातला आहे म्हणून तो कमअस्सल ठरत नाही. इंग्लंडमध्ये आजही काही स्वयंसेवक कापणीनंतर शेतात राहिलेला भाजीपाला वेचून गरजूंपर्यंत पोचवतात. तिने एक दिवस त्यांच्याबरोबर वाकावं. आणि सणाला पूर्वज हवाच असेल, तर हजारो वर्षांपूर्वीच्या निनावी पुजारिणीऐवजी मेरी हॉटनचं नाव घ्यावं. ती होऊन गेली याला पुरावा आहे.